अठ्ठावीस दिवसांचा निकाल पुरेसा नाही

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात उघड्या कोळसा खाणींभोवती माती-दगडांचे डोंगर उभे आहेत. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा जो भाग उपसून बाजूला टाकावा लागतो, तो हा ‘ओव्हरबर्डन’. कोल इंडियाच्या खाणींत एक टन कोळशामागे सरासरी दोन घनमीटरहून अधिक माती-खडक उपसला जातो. दुसरीकडे नदीची रेती महागली आहे आणि तिच्या बेसुमार उपशाने नदीपात्रे खरवडली जात आहेत. ढिगाऱ्यांतला माल काँक्रीटमध्ये वापरता आला तर दोन्ही प्रश्न हलके होतील. वेस्टर्न कोलफिल्ड्सने नागपूर जिल्ह्यात भानेगाव व गोंडेगाव येथे ओव्हरबर्डनमधून रेती वेगळी करण्याचे प्रकल्प सुरूही केले. दिशा योग्यच आहे. मात्र असा माल बांधकामाला चालेल, हे ठरवायचे कशावरून?

यासाठी सर्वांत आधी पाहिली जाते ती क्यूब टेस्ट. १५० मिलिमीटर बाजूचे काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली दाबले जातात. एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा सुमारे ४६ टन भार पेलतो. तीन ठोकळ्यांची सरासरी निकषात बसली की माल ‘पास’.

ही चाचणी उपयोगी आहे, यात वाद नाही. खाणीच्या मालातले काही दोष ती लगेच दाखवते. शेल हा मऊ, पापुद्र्यांचा खडक पाणी शोषतो. त्यामुळे मिश्रणात पाणी जास्त घालावे लागते आणि ताकद घटते. कोळशाच्या कणांना सिमेंट नीट धरत नाही. म्हणूनच भारतीय मानक आयएस ३८३ मध्ये रेती-गिट्टीत कोळसा व लिग्नाइटचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्यापुरते मर्यादित ठेवले आहे.

२८ दिवसांत न दिसणारा दोष मात्र गंधकाचा आहे. कोळशासोबतच्या खडकांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, आढळते. हवा आणि ओल मिळाली की ते हळूहळू गंजते, त्यातून सल्फेट तयार होते. हे सल्फेट सिमेंटमधील घटकांशी संयोग पावून फुगते आणि काँक्रीट आतून तडकते. या क्रियेला महिने नव्हे, वर्षे लागतात. ठोकळा पास होतो. भिंत नंतर नापास होते.

इंग्लंडमधील कॉर्नवॉलने हे अनुभवले आहे. तेथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तांबे व कथिलाच्या खाणींतला टाकाऊ दगड घरांच्या काँक्रीटमध्ये वापरला गेला. काही दशकांनी भिंती भुसभुशीत झाल्या. आजही तेथे जुन्या घरावर कर्ज देण्यापूर्वी काँक्रीटचे नमुने तपासले जातात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात एका खाणीच्या गिट्टीतील पायरोटाइट या अशाच खनिजामुळे हजारो घरांचे पाये धोक्यात आले. तिथे तडे दिसायला दहा-वीस वर्षे लागली.

आयएस ४५६ मध्ये काँक्रीटमधील विद्राव्य सल्फेटवर मर्यादा आहे. पण न गंजलेल्या पायराइटमधला गंधक पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तो या तपासणीतून निसटतो. युरोपीय मानकात एकूण गंधकाचीच मर्यादा आहे: १ टक्का, आणि पायरोटाइट असल्यास फक्त ०.१ टक्का. खाणीतल्या मालासाठी इथेही हाच निकष हवा.

त्यासाठी नवे यंत्र शोधण्याची गरज नाही. एकूण गंधकाची रासायनिक तपासणी, सूक्ष्मदर्शकाखाली खडकाची ओळख, आणि ओले-कोरडे करत राहिलेल्या ठोकळ्यांची ९०, १८० व ३६५ दिवसांनी चाचणी, एवढे पुरेल. हे एकदा करूनही भागणार नाही. वालुकाश्माचा ढिगारा आणि शेलचा ढिगारा एकाच खाणीत शेजारी असू शकतात. एकाचा दाखला दुसऱ्याला लावता येत नाही. वर्षभराचे निकाल येईपर्यंत माल पडून राहण्याचेही कारण नाही. गंधक कमी असेल तर तो फुटपाथच्या ब्लॉकसाठी वापरता येईल. सळई असलेल्या कॉलम-स्लॅबला मात्र थांबावे.

ही सावधगिरी खर्चिक वाटेल. पण स्वस्त रेती सर्वांत आधी जाते ती स्वस्त घरांत. आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या घरकुल लाभार्थ्याला पंधरा वर्षांनी भिंतीला तडा गेल्यावर दाद मागायला जागा नसते. त्याच्या हाती प्रयोगशाळेचा कागद द्यायचाच असेल, तर त्यावर दाबाच्या आकड्याशेजारी गंधकाचाही आकडा असला पाहिजे.