आवाजावर प्रेम करा, पण त्याला विज्ञान म्हणू नका

येऊ घातलेल्या नव्या 718 मध्ये पोर्शे कोणते इंजिन बसवणार, यावरून तंजावूरसारख्या गावातली अभियांत्रिकीची मुलेही हिरिरीने भांडतात. ही गाडी त्यांच्यापैकी कुणाच्या दारात उभी राहण्याची शक्यता फारशी नाही; पण भांडायला दार लागत नाही. पुढची पिढी केवळ विजेवर धावेल, असे कंपनीने आधी ठरवले होते. 2025 च्या उत्तरार्धात तिने पवित्रा बदलला आणि वरच्या श्रेणीतील गाड्यांना पेट्रोलचे इंजिनही मिळेल, असे सांगितले. शौकिनांना हा आपल्या तर्काचा विजय वाटतो. माझे भांडण त्या ‘तर्क’ या शब्दाशी आहे.

हाच वाद 2016 मध्येही झाला होता. तेव्हा बॉक्स्टरमधले 2.7 लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन काढून 2 लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसवण्यात आले. शक्ती 265 वरून 300 अश्वशक्तीवर गेली, टॉर्क 280 वरून 380 न्यूटन-मीटरवर. गाडी अधिक वेगवान झाली, आणि तरीही ‘इंजिन लहान केले, गाडी दुबळी झाली’ ही ओरड वर्षानुवर्षे चालली. अखेर 2020 मध्ये जीटीएस आवृत्तीत 4 लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन परत आणावे लागले. मागणी खरी होती. तिच्यासाठी दिलेले कारण खोटे होते.

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) युरोपातून जी यंत्रे आणवली, त्यांत विजेच्या यंत्राबरोबर हवेचा पंपही होता. सतराव्या शतकातल्या याच उपकरणावरच्या प्रयोगांतून सिलिंडर, दट्ट्या आणि वातावरणाचा दाब यांचे शास्त्र उभे राहिले आणि पुढे त्यातून इंजिन निघाले. सरफोजींचे नाव घेऊन छाती फुगवणाऱ्या आपल्या लोकांनी निदान एवढा हिशेब तरी करून पाहावा. चार-आघाती इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते. म्हणून 2.7 लिटरचे इंजिन मिनिटाला 6700 फेऱ्यांवर सुमारे 9000 लिटर हवा घेईल. 2 लिटरचे इंजिन 6500 फेऱ्यांवर 6500 लिटरच घेईल. पण टर्बोने तीच हवा दीडपट दाबून भरली, तर ती 9750 लिटरांच्या तोडीची होते. जितकी हवा, तितके इंधन आणि तितकी शक्ती. आकारमान आणि सिलिंडरांची संख्या यांना यापलीकडे कोणतीही दैवी शक्ती नाही.

मग हरवले काय? स्वर हरवला, आणि तो खरोखर हरवला. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर सहा सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला 300 स्फोट होतात, चार सिलिंडरांच्या इंजिनात 200. गुणोत्तर तीनास दोन, म्हणजे पंचम आणि षड्ज यांच्यातले अंतर. ज्या गावात फणसाच्या लाकडाची वीणा घडते, तिथल्या कानाला हे समजावून सांगावे लागू नये. वाद्याचा मूळ स्वर पंचमाने खाली उतरला आणि वर टर्बोने धुरांड्याचा आवाज गिळला, श्रोता हळहळणारच. त्या हळहळीत लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती सौंदर्याच्या ओढीला अश्वशक्तीचे सोंग चढवण्याची. ते सोंग कंपन्यांना फार सोयीचे असते. बीएमडब्ल्यूने एम5 मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला, आणि गिऱ्हाईक समाधानाने मान डोलवत राहिले!

इतके दूरही जायला नको. पुण्याजवळच्या चाकणमध्ये 2022 पर्यंत तयार होत असलेल्या पोलो जीटीचे इंजिन 2020 मध्ये, बीएस-6 मानके लागू होताना बदलले. 1.2 लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन गेले, 1 लिटरचे तीन सिलिंडरांचे आले. टॉर्क 175 न्यूटन-मीटर तेवढाच राहिला, शक्ती 105 वरून 110 अश्वशक्ती झाली. गेलेल्या सिलिंडरासाठी सुतक पाळले गेले. वास्तविक चालवणाऱ्याच्या हाताला जाणवणारा बदल गिअरबॉक्समध्ये होता: दोन क्लचांचा सात गतींचा संच जाऊन ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गतींचा आला. पण सिलिंडर मोजता येतात, त्यामुळे भांडण सिलिंडरांवरच होते.

आणि एवढ्या गदारोळात टाकीतले इंधन बदलून गेले. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025 मध्येच गाठले गेले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाजूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत 20 टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे सुमारे 7 टक्के ऊर्जा कमी. हे नाकारणारे सरकारी प्रवक्ते आणि ‘इंजिन जळेल’ म्हणून भीती पसरवणारे चित्रफीतवाले, दोघेही सारखेच बेजबाबदार आहेत.

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मात्र सुमारे 108 आहे, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. सिलिंडरात थेट फवारले की आतली हवा थंड होते, इंजिन ठोकत नाही, आणि संपीडन किंवा टर्बोचा दाब वाढवता येतो. बुडालेल्या ऊर्जेचा काही भाग असा वसूल होऊ शकतो. याचा सर्वाधिक लाभ कोणत्या इंजिनाला? ज्याची इतकी हेटाळणी झाली त्या लहान, थेट फवाऱ्याच्या टर्बो इंजिनाला. केवळ रबर आणि नळ्या बदलून ‘ई-20 सुसंगत’ असा शिक्का मारलेल्या इंजिनाला मात्र तोटा तेवढा पोहोचतो, फायदा नाही.

कावेरीच्या खोऱ्यात या प्रश्नाची धार वेगळी आहे. भातशेतीखालचे तेल आणि वायू नव्याने शोधू नयेत, असा कायदा तमिळनाडूने 2020 मध्ये केला; तंजावूर जिल्हा त्यात येतो. आता देशात तांदळापासूनच इंधन बनते. 2024-25 च्या इथेनॉल वर्षासाठी अन्न महामंडळाचा 52 लाख टन तांदूळ राखून ठेवण्यात आला. जे धान्य पिकवायला इतके पाणी लागते, ते जाळायचेच असेल, तर त्याच्या थेंबाथेंबातून काम काढून घेणारे इंजिन मागणे हा शौक नव्हे, हक्क आहे.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या मॉडेलच्या इंजिनबदलाची बातमी आली, की सिलिंडर मागाहून मोजा. आधी विचारा: याचे संपीडन गुणोत्तर नव्या इंधनासाठी वाढवले आहे का? फवारा थेट सिलिंडरात आहे का? आणि प्रमाणपत्रावरचा मायलेजचा आकडा कोणत्या पेट्रोलवर मोजला?