कुटी आणि झोपडी

गेल्या हिवाळ्यात पांढरकवड्याहून आम्ही काही मंडळी सेवाग्रामची बापूकुटी पाहावयास गेलो होतो. चपला बाहेर काढल्या, सारवलेल्या जमिनीवर घटकाभर बसलो. भिंतीवरील मीराबेनची ताडाची झाडे, साप पकडून दूर सोडण्याचा लाकडी चिमटा, व्हाइसरॉयने बसवून दिलेला टेलिफोन, सारे काही डोळे भरून पाहिले. परतताना सर्वांच्या तोंडी एकच उद्गार होता : ‘‘केवढा हा साधेपणा!’’

आमचे भांडण आहे ते या उद्गाराशीच.

गांधीजी १९३६ साली सेगावात राहावयास आले. गावाचे ‘सेवाग्राम’ असे नामकरण पुढे १९४० मध्ये झाले. आधी आदिनिवास बांधले गेले. आजची बापूकुटी ही मूळची मीराबेनची झोपडी. माती, बांबू, लाकूड, कवेलू : भोवतालच्या शेतकऱ्याच्या घरात जे होते, तेच येथे वापरले गेले. मग आमच्या केळापूर तालुक्यातील कोलामांच्या पोडांवर तीच कुडाची भिंत आणि तेच सारवण दिसताच आम्ही नाक का मुरडावे? सेवाग्रामी जो वारसा, तोच पोडावर मागासलेपणा कसा ठरतो?

कोणी म्हणेल, गरिबाला मातीतच ठेवण्याचा हा डाव आहे. मुळीच नाही. गळके छप्पर, दरसालचे लिंपण आणि त्यापायी बाईची मोडणारी कंबर आम्ही पाहिली आहे. गांधीजींनी ते घर निवडले होते; कोलामाला निवड कोणी दिलीच नाही, हाच खरा भेद आहे. दुःख याचे, की पक्के घर देतानाही ती दिली जात नाही. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले आहे, स्थानिक साहित्यालाही कागदोपत्री वाव आहे. आमच्या पाहण्यात मात्र उभी राहते ती सिमेंटची पेटी, वैशाखात भट्टीसारखी तापणारी! बांबूकामात निष्णात असलेल्या कोलामाला त्याच्याच घराविषयी कोणी मत विचारीत नाही.

एकेकाळचे कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच १९७८ साली या कुटीत येऊन बसले होते. आजची घरे माणसापेक्षा सामानाच्या सोयीसाठी बांधली जातात, असे त्यांनी तेथे सांगितले. आम्ही सुशिक्षित मंडळी ते ऐकून माना डोलावतो आणि घरी येऊन आणखी एक कपाट घेतो.

कुटी जपलीच पाहिजे. पण मातीची भिंत कुलूप लावून टिकत नाही. तिला दरसाल लिंपणारे हात लागतात. कुड विणणारा, कवेलू घडविणारा, सारवण करणारी, ही माणसे खेड्यापाड्यांतच आहेत. त्यांच्या कसबाला मजुरी आणि मान मिळाला नाही, तर उद्या कुटीची डागडुजी करावयास कोणाला बोलावणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढील सहल सेवाग्रामला नेण्यापूर्वी ती जवळच्या पोडावर न्यावी. तेथेही चपला दाराबाहेर काढाव्यात. आणि घरधनिणीला विचारावे, ‘‘बाई, तुम्हाला घर कसे हवे?’’