पैसे भरलेत ना!

परवा एका मित्राची मेल आली. सोबत एक्सेलची फाईल. जुलैमध्ये आठ दिवस माउईला चाललेत. दोन कुटुंबं, सात माणसं. फाईल बघून मी थक्क झालो. विमान, गाडी, कॉन्डो, कुठल्या दिवशी कुठे जेवायचं, सगळं रंगीत चौकटींत. हालेआकालाचा सूर्योदय बघायला आधी आरक्षण लागतं, तेसुद्धा त्याला ठाऊक. आणि मंगळवारच्या रांगेत, हिरव्या रंगात: "११ ते ३ सप, किहेई. सगळे. (सोप्पं असतं!)"

हा लेख त्या कंसातल्या दोन शब्दांवर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप म्हणजे स्टँड-अप पॅडल. लांबरुंद बोर्डवर उभं राहायचं आणि डोक्याहून वीतभर उंच वल्ह्याने पाणी कापत जायचं. पाणी संथ असेल तर फेरफटका, लाटा असतील तर त्यांवर स्वार व्हायचं. जाहिरातीत एक सडपातळ बाई काचेसारख्या पाण्यावर उभी असते, मागे माड, वर निळं आभाळ. खाली लिहिलेलं असतं की हे कुणालाही जमतं. आणि खोटं काय आहे त्यात? अर्ध्या तासात उभं राहता येतं खरंच. उभं राहणं सोपंच आहे. परत येणं सोपं नाही, आणि त्याबद्दल जाहिरात गप्प असते.

मित्राने नियोजन केलं याला माझा आक्षेप नाही. ते उलटं केलं याला आहे. ज्या गोष्टींवर पैसे देऊन हुकूम चालतो त्यांचा मिनिटामिनिटाचा हिशोब, आणि ज्या एका गोष्टीवर कुणाचाच हुकूम चालत नाही तिला एक हिरवी चौकट. वारा नाही, भरती-ओहोटी नाही, किनाऱ्याची दिशा नाही. समुद्र म्हणजे जणू हॉटेलचा स्विमिंग पूल. अकराला उघडतो, तीनला बंद.

आता माउईचं भूगोल बघा. दोन ज्वालामुखी, एक पश्चिमेचा आणि एक हालेआकाला (३,०५५ मीटर), आणि मधे सखल पट्टी. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे या दोन डोंगरांच्या मधल्या फटीत शिरतात आणि तिथे त्यांचा जोर वाढतो. उन्हाळ्यात तर हे वारे फारच नेमाने येतात. सकाळी पाणी शांत असतं. ऊन चढलं, जमीन तापली की वारा उठतो, आणि दुपारी फेस उडायला लागतो. किहेई या पट्टीच्या दक्षिण टोकाला. म्हणजे तिथे वारा तुमच्या पाठीमागून, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं ते त्याचमुळे. तुम्हाला वाटतं, वा, काय शांत आहे! वारा तिथे नसतो असं नाही, तो तुम्हाला बाहेर न्यायला मागे उभा असतो.

आणि उभा माणूस म्हणजे शीड. हे लक्षात घ्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बोर्डवर ताठ उभं राहिलं की तुमची छाती-पाठ वारा धरते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०१७ च्या जुलैमध्ये मी, बायको आणि तिचा चौदा वर्षांचा भाचा तिथेच होतो. बोर्ड आदल्या संध्याकाळी भाड्याने आणून गाडीच्या टपावर बांधले होते. दुकानातल्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, सकाळी लवकर जा, अकराच्या आत पाण्याबाहेर या. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आम्ही साडेअकराला पाण्यात उतरलो. का? तर हॉटेलच्या भाड्यात नाश्ता होता, आणि नाश्त्याचे पैसे भरले होते! लाइफ जॅकेटं गाडीत ठेवली, कारण फोटोत बेंगरूळ दिसतात. भाच्याने पायाला बांधायचा पट्टा काढून टाकला, कारण तो टोचत होता. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

पहिली दहा मिनिटं माझ्यासारखा वल्हेकरी पृथ्वीवर नव्हता. काय वेग! बायको किनाऱ्यालगत गुडघ्यांवर बसून होती, शहाणी. आम्ही दोघे पुढे. मग वळलो. वळल्यावर कळलं की तो वेग माझा नव्हताच. वल्हं मारतोय, मारतोय, आणि किनाऱ्यावरचे माड लहान होतायत. भाचा पडला. बोर्ड त्याच्या हातून सुटला आणि कोरड्या पानासारखा निघून गेला. पोहून तो पकडता येत नाही, कुणालाच नाही, वारा पोहणाऱ्याहून जोरात नेतो. भाच्याला माझ्या बोर्डवर घेतलं, दोघे पालथे पडून हातांनी पाणी मारत राहिलो. वीस मिनिटं असतील. पोर एक शब्द बोललं नाही. एकदा फक्त म्हणालं, "काका, आपण पुढे जातोय ना?" मी "हो" म्हणालो. आम्ही पुढे जात नव्हतो.

मासेमारी करून परतणाऱ्या एका स्थानिक माणसाने आम्हाला त्याच्या बोटीत ओढून घेतलं. भाच्याचा बोर्डही शोधून आणला. रागावला नाही, उपदेश केला नाही. भाच्याच्या रिकाम्या घोट्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. धक्क्यावर उतरल्यावर मी खिशातून ओल्या नोटा काढल्या. त्याने नुसती मान हलवली आणि तो बोट धुवायला लागला. आजही ते आठवलं की मला लाज वाटते, बुडता बुडता वाचल्याची नाही, त्या नोटांची.

तर पट्टा पायात, जॅकेट अंगात. अमेरिकन तटरक्षक दलाने २००८ सालीच ठरवलं की लाटांचा आणि पोहण्याचा पट्टा सोडून बाहेर गेलात तर सपचा बोर्ड म्हणजे नौका. म्हणजे प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट सोबत हवं, आणि तेरा वर्षांखालच्या मुलाच्या तर अंगातच हवं. नौका! खेळणं नाही. आपल्याला होडी म्हटलं की आपोआप भान येतं, बोर्ड म्हटलं की येत नाही.

गंमत म्हणजे हे शहाणपण आपल्या घरचं आहे. आपले कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होडी पाण्यात घालायची. ज्याचं पोट समुद्रावर आहे तो वर्षातले दोन महिने हात जोडून बसतो. आणि आम्ही, ज्यांचं समुद्रावाचून काहीच अडत नाही, आम्ही म्हणतो मंगळवारी अकरा वाजता!

यावर मित्र काय म्हणेल मला माहीत आहे. "अरे, रोज शेकडो लोक जातात आणि परत येतात." येतात. बऱ्याचदा वारा कमी असतो, बरेच जण किनारा सोडतच नाहीत, आणि काहींचं नशीब असतं. नशिबाला कौशल्य समजण्यात धोका आहे. दुसरं म्हणेल, "सुट्टी मोजकी रे, वाऱ्याची वाट कुठे बघत बसणार?" हा मुद्दा खरा आहे, मीही तीच मोजकी सुट्टी खातो. पण म्हणूनच तर क्रम बदलायला हवा. आधी महिना आणि किनारा, मग तिकीट. लाटांवर सप करायचं असेल तर हवाईच्या उत्तर किनाऱ्यांवर हिवाळ्यात राक्षसी लाटा असतात, त्या नवशिक्यासाठी नाहीतच. उन्हाळ्यात तिथे बरंच निवतं आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांना दूरच्या दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा येतात. हे कुठल्याही स्थानिक शिक्षकाला विचारलं तरी पाच मिनिटांत कळतं. आपण विचारतो ते फक्त "तासाला किती?"

आणि विचारायचं कुणाला? तर ज्यांचा हा खेळ आहे त्यांना. लाटेवर उभं राहणं ही हवाईच्या लोकांची जुनी विद्या, कॅप्टन कुकच्या माणसांनी ती १७७० च्या दशकात बघून लिहून ठेवली. विसाव्या शतकाच्या मध्याला वायकीकीचे बीच बॉईज हातात वल्हं घेऊन बोर्डवर उभे राहायचे आणि शिकाऊ पाहुण्यांवर नजर ठेवायचे. पुढे लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी माउईवर ते पुन्हा उचललं आणि जगभर पसरलं. म्हणजे वल्हं घेऊन उभं राहण्यामागे एक कारण पाहुण्यांना सांभाळणं हेही होतं. आज पाहुणाच वल्हं घेऊन उभा राहतो आणि कुणाचं ऐकत नाही. उभ्या माणसाला लाट लांबून दिसते, वल्ह्याने ती आधी पकडता येते, म्हणून तो तासभर थांबलेल्या पोरांची लाट हिसकावतो. वर त्याचा दहा फुटी बोर्ड सुटला तर कुणाचं तरी डोकं फुटेल. का असं? पैसे भरलेत ना!

त्याच बेटावर ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना गाव जळालं, शंभराहून जास्त माणसं गेली, हजारो बेघर झाली. ऑक्टोबरमध्ये पश्चिम माउई पर्यटकांना पुन्हा खुलं होऊ लागलं तेव्हा तिथले लोक म्हणत होते, आम्हाला जरा वेळ द्या. दुसरीकडे त्यातल्याच अनेकांची रोजी पर्यटकांवर. मी "जाऊ नका" म्हणत नाही. जा. पण पैसे भरून आपण खोली, गाडी आणि बोर्ड भाड्याने घेतो. बेट नाही, समुद्र तर नाहीच.

असो. मित्राला मेल केली ती अशी: मंगळवारची रांग मोड. आठही दिवस सकाळी साडेसात ते साडेनऊ मोकळे ठेव, त्यातले जे दोन-तीन दिवस तिथला शिक्षक "चला" म्हणेल तेवढेच आपले. पहिल्या दिवशी शिकवणी, सगळ्यांची, तुझीसुद्धा. वारा किनाऱ्याकडून असेल तर बोर्ड गाडीवरच राहू दे. निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणेल. वारा वाढला तर गुडघ्यांवर बस, आणखी वाढला तर पालथा पड. काही झालं तरी बोर्ड सोडू नकोस. नाश्ता बुडला तर बुडू दे.

आणि त्या कंसातले दोन शब्द खोड.