हाक कोणाला येते?

पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली मुले हमखास असतात. ती मागच्या बाकावर बसतात आणि कधीकधी झोपतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर तास चालू असताना अशाच एकाने प्रश्न विचारला, “सर, टिळकांना देवाने हाक मारली असं आपण म्हणतो. मग माझ्या पणजोबांना मिशनने ज्वारी दिली, असं का म्हणतात?” मुलगा नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला होता. वर्गात कोणीतरी हसले. मला त्या तासाला उत्तर देता आले नाही. पुढे शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न सांगितला, तेव्हा एका सहकाऱ्याने हातातला चहाचा कप खाली न ठेवता निकाल देऊन टाकला, “त्यात काय, ते पोटासाठी बाटले.” प्रस्तुत लेख त्या सहकाऱ्याला उद्देशून आहे, आणि इतकी वर्षे तेच गृहीत धरून शिकवत आलेल्या मलाही.

आपल्या समीक्षेचा शिरस्ता पाहा. बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराविषयी लिहिताना आपली भाषा अंतर्मुख होते. सत्यशोधन, तळमळ, अंतःकरणातील द्वंद्व असे शब्द आपोआप सुचतात. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि पुढे 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ही हकिकत आपण रसाळपणे सांगतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून असंख्य माणसे त्याच ख्रिस्ताच्या मागे गेली, त्यांच्याविषयी लिहिताना मात्र लेखणी एकदम अर्थशास्त्राकडे वळते. दुष्काळ, धान्य, शाळा, मिशनची नोकरी! शास्त्रीबुवांना प्रकाश दिसतो आणि वेशीबाहेरच्या माणसाला फक्त भाकरी दिसते. केडगावच्या मुक्ती मिशनचेही तेच. रमाबाईंच्या श्रद्धेवर आपण ग्रंथ लिहितो. परंतु 1905 साली तेथे प्रार्थनेची जी लाट उसळली ती ज्या मुलींच्या तोंडून उसळली, त्यांना स्वतःचे काही ऐकू आले असेल ही शक्यता आपल्या मनाला शिवतही नाही.

ज्या ग्रंथातून ‘पाचारण’ हा शब्द आला, तो ग्रंथ या बाबतीत काय सांगतो? शमुवेल हा मंदिरात सेवा करणारा लहान मुलगा. रात्री त्याला हाक ऐकू येते. ती देवाची आहे हे त्याला कळत नाही आणि तो तीनदा एली या वृद्ध याजकाकडे धावत जातो. शेवटी एलीच्या ध्यानात येते आणि तो मुलाला ऐकायला शिकवतो. मुलाला जे ऐकू येते ते एलीच्याच घराण्याविरुद्धचे असते. तरीही एली ते पूर्ण ऐकून घेतो. आमोसाची गोष्ट याच्या उलट आहे. तो मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची फळे सांभाळणारा. तो बेथेलला येऊन अन्यायाविरुद्ध बोलू लागतो, तेव्हा तेथील याजक अमस्या त्याला सुनावतो की, यहूदात जा आणि तिकडे संदेश सांगून आपली भाकरी खा. ‘पोटासाठी’ हा आरोप इतका जुना आहे! आणि तो नेहमी वरून खाली, पीठाधिकाऱ्याकडून गुराख्याकडे जातो. मराठी समीक्षेला एली होता आले असते. तिने अमस्याची जागा पसंत केली.

आता यावर आक्षेप येईल की, दुष्काळात मिशनने धान्य वाटले हे खोटे आहे काय? मुळीच नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात धान्य वाटले गेले, काम दिले गेले आणि त्यानंतर बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. किंबहुना हा आरोप खुद्द येशूनेही केला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तो जमावाला तोंडावर सांगतो की, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधत आला आहात. पण येथे दोन गोष्टी विसरता येत नाहीत. हे बोलण्याआधी त्याने त्यांना जेवू घातले होते. आणि त्यानंतर त्याचे कठीण बोलणे ऐकून पुष्कळ जण निघून गेले, तेव्हा जे बारा जण राहिले त्यांच्याही पोटात तीच भाकरी होती. तेव्हा शिष्यत्वाची कसोटी भाकरी खाल्ली की नाही ही नव्हे. भाकरी संपल्यावर कोण थांबले, ही आहे.

ही कसोटी टिळकांना लावू. बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षे ते मिशनच्या पगारावर होते. त्यांना कोणी विकत घेतले असे आपण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कारण 1917 साली त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना तेथे जागा होती.

हीच कसोटी त्या मुलाच्या पणजोबांना लावा. ज्वारी संपून सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती वगळले गेले. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या यादीत स्थान मिळाले. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे ज्या श्रद्धेला आपण ‘आमिष’ म्हणतो, तिची किंमत हे लोक आजही जातीच्या दाखल्यावर, शिष्यवृत्तीत आणि नोकरीत मोजत आहेत. दरवर्षी तोटा देणारे हे कसले आमिष?

सहकाऱ्याचे मत हे केवळ चहाबरोबरचे मत असते तर सोडून दिले असते. पण ते कायद्यातही उतरले आहे. ओडिशाने 1967 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या नावाने जे कायदे केले, त्यांत बळाने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतराला शिक्षा होती. आणि धर्मांतरित व्यक्ती अल्पवयीन, स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ती दुप्पट होती. हेतू संरक्षणाचा असेलही. परंतु त्यामागचे गृहीतक उघड आहे. प्रौढ स्त्री आणि प्रौढ दलित यांना स्वतःचे कान नाहीत. ते लहान मुलांच्या रांगेतले!

लक्ष्मीबाई त्या रांगेत बसतात काय? आपण त्यांना विनोदी, भाबडी, नवऱ्यामागून गेलेली बायको करून टाकले आहे. वस्तुस्थिती अशी की, टिळकांनी त्यांना न सांगता बाप्तिस्मा घेतला आणि त्या आज्ञापालनाचा भुर्दंड या बाईने भरला. टिळकांच्या थोरवीत ही गोष्ट झाकून चालणार नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. ते सुटले ते जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या मनाशी दिले तेव्हा. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा, पतीनंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षे म्हणजे पतीचे अनुकरण नव्हे, ते ऐकणे आहे. आणि ऐकल्यावरची पहिली कृती कोणती, तर ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचे पाणी पिणे.

म्हणूनच आमच्या पट्ट्यातल्या काही व्यासपीठांवरून हल्ली पाचारणाचा जो अर्थ सांगितला जातो, त्याचेही समर्थन करता येत नाही. देवाची हाक म्हणजे कायम नोकरी, परदेशी पाठवणारी कंपनी, दोन खोल्यांऐवजी तीन. असे सांगणारा उपदेशक माझ्या सहकाऱ्याशी पूर्णपणे सहमत आहे, इतकेच की त्याला त्याची लाज वाटत नाही. हाक ऐकणाऱ्याकडे काही मागत नसेल, शेजारच्या कंत्राटी कामगाराच्या ताटापर्यंत त्याला नेत नसेल, तर तो आपल्याच इच्छेचा प्रतिध्वनी समजावा.

तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रकांच्या रांगेतून भंडाऱ्याचा डोंगर दिसतो. पलीकडे देहू. तुकाराम नावाच्या वाण्याला लिहिण्याचा अधिकार नाही असे शास्त्र जाणणाऱ्यांनी ठरवले आणि वह्या इंद्रायणीत गेल्या, ही कथा आपण अभिमानाने शिकवतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. त्या कथेत आपण नेहमी स्वतःला तुकारामांच्या बाजूला उभे करतो. वर्गात तो मुलगा प्रश्न विचारत होता तेव्हा मी कोणत्या काठावर उभा होतो, हे मला आता कळते आहे.

त्याला द्यायचे उत्तर असे: तुझ्या पणजोबांना ज्वारी मिळाली, आणि हाकही आली. तू अजून थांबला आहेस, हा तिचा पुरावा. आम्ही तिला हाक म्हटले नाही, कारण ती ज्याला आली त्याच्याकडे बसून ऐकायला आम्ही कधी गेलोच नाही.