धावता धावता : तालाश्नालची चढण

लेकीकडे कोइंब्राला आलोय, म्हणून शनिवारी जवळच्या लोझांच्या डोंगरात धावलो. किल्ल्यापासून तालाश्नालला पायवाट जाते. चेस्टनटची झाडं, पायाखाली ओला दगड. चढणीवर धाप लागली की मुकाट चालायचं, उतारावर पाय जपून टाकायचा.

वर सगळी घरं काळपट शिस्ट दगडाची. विसाव्या शतकात माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली, गाव ओस पडलं. पुढे काहींनी पडकी घरं घेऊन उभी केली; आता तिथे पाहुणे उतरतात. एका दाराला मात्र गंजलेलं कुलूप होतं. पेडण्याचं आमचं घर आठवलं. तिथूनच भावाला फोन लावला, “मिरगाआधी कौलं शाकारून घेऊया.”

तो म्हणाला, “चावी तुझ्याकडेच आहे, दादा.”