काला घेऊनच निघा



दिवाळी सरते न सरते तोच तळकोकणात जत्रांचे दिवस लागतात. फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात आणि सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवणकडच्या घरांत कोणाची जत्रा कधी, याची विचारपूस सुरू होते. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही या जत्रांना दिला आहे. तो जुळवताना एक पथ्य पाळले: जत्रेतले खाणेपिणे एका लेखात आणि दशावतार दुसऱ्या लेखात, अशी वाटणी करायची नाही. कारण जत्रेत ती तशी नसतेच.

संध्याकाळी देवळात ओट्या भरणाऱ्या बायकांची रांग लागते. केळी-नारळ ठेवले जातात, गाऱ्हाणे घातले जाते आणि जमलेला गाव ‘होय म्हाराजा’ म्हणत त्याला साथ देतो. रात्री पालखीची प्रदक्षिणा आटोपली की पखवाज, झांज आणि पायपेटी यांचा सूर लागतो. तोवर आडोशाला नट रंगायला बसलेले असतात. प्रत्येकापुढे आपापली ट्रंक, हातात छोटा आरसा. रंगभूषाकार म्हणून वेगळा कोणी नाही. सफेदा, पिवडी, कुंकू, काजळ घेऊन ज्याने त्याने आपला चेहरा आपणच घडवायचा. आठवड्यापूर्वी भात झोडणारा माणूस तासाभरात भुवया कोरून, अंबाडा बांधून द्रौपदी होऊन उठतो आणि त्याची चालसुद्धा बदललेली असते. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे. त्यातल्या सुंदर नारी म्हणजे सगळे दांडगे पुरुषच, हेही त्यांनी तिथे नोंदवले आहे. सतराव्या शतकातली ती नजर आजच्या जत्रेतल्या प्रेक्षकालाही नवी वाटणार नाही.

आधी आड दशावतार होतो. लाकडी मुखवट्याचा गणपती येतो, बरोबर रिद्धी-सिद्धी, मग सरस्वती. त्यानंतर पोरे ज्याची वाट बघत डोळे ताणून जागी असतात तो संकासुर: अंगभर काळे, डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत काळी टोपी आणि खाली लोंबणारी लांब जीभ. देव आणि राजे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, हा वेद चोरणारा दैत्य मात्र अस्सल मालवणीत. पुढच्या रांगेतली पोरे आधी आईच्या पदराआड दडतात आणि दोन मिनिटांत खिदळायला लागतात. मग मुख्य आख्यान. त्याला लेखी संहिता नाही. कथानक ठरते आणि संवाद तिथल्या तिथे सुचत जातात. मांडावरचे, म्हणजे खेळाच्या जागेवरचे, एकच लाकडी बाकडे सिंहासन होते, रथ होतो, पर्वतही होतो. पुराणे इतकी तोंडपाठ असलेला, तरीही प्रत्येक रात्री नवे वाक्य शोधणारा नट हा मराठी रंगभूमीचा फार मोठा ठेवा आहे, असे आम्ही मनापासून मानतो.

मांडाच्या पलीकडे खाजेवाल्यांची पाले उजळलेली असतात. चण्याच्या पिठाच्या तळलेल्या जाड कांड्या गुळाच्या पाकात पडतात, त्यात ठेचलेले आले जाते आणि झारा फिरू लागतो. पाक कांडीला धरून सुकला पाहिजे, गोळा होता कामा नये. तेवढा क्षण साधण्यासाठी खाजेवाल्याची नजर कढईवरून हलत नाही. आल्याचा तो झणका मांडापर्यंत येतो. जत्रेहून परतताना खाज्याचा पुडा नेला नाही तर शेजारीपाजारी काय म्हणतील, ही धास्ती मुंबईच्या चाकरमान्यालाही असते.

आणि पहाटे, युद्ध होऊन दैत्य पडला की दहीकाला. हंडी फुटते, काला प्रसाद म्हणून हातावर पडतो आणि तेव्हा कुठे खेळ पुरा होतो. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेत अन्नाला याहून मोठा मान आहे. तिथे जत्रेचा दिवस पंचांगातल्या तिथीने नव्हे, देवीच्या कौलाने ठरतो. वाडीतल्या घराघरांतल्या स्त्रिया उपवास धरून, मौन पाळून प्रसाद रांधतात आणि रात्री ती ताटे देवळात नेतात. लाखोंची गर्दी त्या वेळी दर्शन सोडून वाट करून देते.

दशावतारी नटाचे पोटही गावाशीच बांधलेले होते. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला पायी जात. गाव शिधा देई आणि ती चूल मांडून रांधत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ हे बोल त्या पायपिटीतले आहेत. आता टेम्पो आले, बोजा उतरला. पण रात्रभर राज्य करणाऱ्या राजाने सकाळी अंग कुठे टेकायचे, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी तसाच आहे.

दशावतारातल्या ‘ट्रिकसीन’च्या, म्हणजे चमत्कृतीपूर्ण दृश्ये दाखवणाऱ्या नाटकांबद्दल अनेक जाणकार नाके मुरडतात. आम्हाला त्यात वावगे दिसत नाही. बदल पचवत आला म्हणूनच हा खेळ टिकला. आमची काळजी वेगळी आहे. 2025 मध्ये ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला वयोवृद्ध नट पाहून शहरी प्रेक्षक हळहळले. शहरातल्या महोत्सवांत दशावताराचे दीड-दोन तासांचे प्रयोग होतात, टाळ्या पडतात. मात्र त्यात आड दशावतार कापलेला असतो आणि काला नसतो. ज्यांनी हा खेळ तेवढाच पाहिला, त्यांना पालखी, खाजा, गाऱ्हाणे आणि पहाटेची हंडी यांच्यातला धागा कळायचा कसा?

म्हणून यंदा जत्रेला जाल तेव्हा बारा वाजता फोटो काढून परत फिरू नका. काला घेऊनच निघा. देवस्थान समित्यांना आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना आमची विनंती आहे: रोषणाईसाठी जो निधी जमतो, त्यातला वाटा नटांसाठी आधी बाजूला काढा. रंगायला बंदिस्त, उजेडाची खोली, स्वच्छ शौचालय, खेळाआधी गरम जेवण, सकाळी झोपायला जागा आणि बिदागी त्याच दिवशी हातात, एवढे प्रत्येक गावाला करता येईल. ज्या गावांनी हे सुरू केले असेल त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. पुढच्या अंकात त्यांची व्यवस्था तपशिलाने छापू.