आम्ही पाणी पाळले

गेल्या दिवाळीला आमच्या घरी चार पाहुणे आले. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आले आणि आठवडाभरात एकेक करून चारही निघून गेले. कुठे गेले ते विचारू नका. परसातल्या जास्वंदीखाली आमच्या धाकटीने त्यांच्यासाठी चार लहान दगड मांडून ठेवले आहेत.

पाहुणे म्हणजे सोनेरी मासे. बदली होऊन आम्ही मुरगूडला आलो, त्याला तेव्हा पाचच महिने झाले होते. धाकटीच्या जुन्या मैत्रिणी मागे राहिल्या होत्या आणि नव्या अजून जमल्या नव्हत्या. पोर शाळेतून येई ती थेट खिडकीत जाऊन बसे. तिला काहीतरी सोबत हवी, म्हणून दिवाळीच्या खरेदीला कोल्हापूरला गेलो असताना मी काचेचा एक गोल वाडगा, मूठभर रंगीत खडे, प्लॅस्टिकचे एक झाड आणि चार मासे घेतले. माशांची पिशवी मांडीवर धरून एस.टी.ने कागलमार्गे घरी आलो. नळाच्या ताज्या पाण्याने वाडगा भरला, मासे सोडले आणि सारे घर भोवती जमले. जो येई तो चिमूटभर खाणे टाकून जाई. आमच्या सौ.नी तर कौतुकाने शंकरपाळ्याचा चुराही टाकला!

तिसऱ्या दिवशी पहिला मासा उताणा झाला. चौथा गेला त्या दिवशी धाकटीने मला विचारले, "बाबा, आपण मारलं का त्यांना?"

"नाही गं, मासे नाजूकच असतात," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण ते उत्तर खोटे होते. वाचकहो, मासे आम्हीच मारले होते. हौसेने आणलेले मासे पुष्कळ घरांत याच रीतीने मरतात, म्हणून या दिवाळीचे सदर मी त्याच विषयाला देतो आहे.

मासा पाण्यात राहतो एवढे आपल्याला ठाऊक असते. तो श्वासही त्याच पाण्यात घेतो आणि घाणही त्याच पाण्यात करतो, हे आपण विसरतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, आणि तो माशाला विषासारखा बाधतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. वाडग्यात जाणार कुठे? त्यात उरलेले खाणे कुजले की आणखी भर. पाणी दिसायला नितळ, आणि मासा मात्र आपल्याच विषात गुदमरतो आहे! शिवाय सोनेरी मासा विकत घेताना बोटाएवढा असला, तरी नीट वाढला तर वीतभर होतो. त्याला वाडग्यात ठेवणे म्हणजे रेडकू फडताळात बांधण्यापैकीच आहे.

मग तळ्यातले मासे कसे जगतात? तिथे हे विष संपवणारे कामगार असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत इतकेच. वाळूवर, दगडांवर, पानांवर राहणारे काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशाला घातकच. पण दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते थोडे असेल तर माशाला सोसते आणि वनस्पतींना तर खतच होते. नव्या वाडग्यात हे कामगार नसतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या माशांना आम्ही आठ दिवसांचीही सवड दिली नव्हती.

हे सारे मी एका संध्याकाळी शेजारच्या आण्णांना कट्ट्यावर बसून सांगत होतो. आण्णा उसाचे बागायतदार. वेदगंगेच्या पाण्यावर त्यांची शेती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सायेब, ह्यात नवं काय हाय? उसाला युरिया टाकला की ऊस लगेच खात न्हाई. आधी जमीन खाती, मग ऊस खातो."

मी चाट पडलो. कारण आण्णांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. शेतात युरियाचा अमोनिया होतो आणि तेच जंतू त्याचे नायट्रेट करून मुळांना देतात. आणि गंमत अशी की, ही दोन्ही कोडी एकाच घरात सुटली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एका टाकीत ठेवून पाहिली. जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती खायला त्याने गोगलगायी सोडल्या, आणि तिघांचा संसार सुरळीत चालला. पुढे त्याच्याच नावाच्या त्याच्या मुलाने रोथॅमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास केला आणि अमोनियाचे नायट्रेट दोन टप्प्यांत होते, दोन्ही टप्प्यांचे जंतू निराळे असतात, हे दाखवून दिले. बापाने माशांची पेटी जमवली आणि लेकाने शेताचे गूढ उकलले!

तेव्हा यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली तशी आम्ही पुन्हा सुरुवात केली. या खेपेस मासे शेवटी आणायचे, असे ठरवूनच.

पेटी घेतली ती दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तिच्यात काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. नवशिक्याने लहान पेटी घ्यावी असे आपल्याला वाटते. खरे तर जितके पाणी जास्त, तितक्या आपल्या चुका त्यात खपतात. भरलेल्या पेटीचे वजन साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, म्हणून ती डगमगत्या टेबलावर ठेवू नये. खाली थर्माकोलचा तुकडा घालावा. थेट उन्हात तर मुळीच ठेवू नये. पाणी हिरवे होते.

तळाला इंचभर चाळलेली माती आणि तिच्यावर दीड-दोन इंच धुतलेली जाड वाळू. मातीची ही साधी पद्धत अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड या बाईंनी १९९९ साली निघालेल्या आपल्या पुस्तकाने हौशी लोकांत रुळवली. आण्णा मोठ्या मनाने उसाच्या शेतातली काळी माती द्यायला निघाले होते. मी हात जोडले. जिला खत, शेणखत किंवा औषध लागले आहे अशी माती चालत नाही. पाण्यात एकदम अमोनिया सुटतो. परसातली, कधी खत न पडलेली माती बरी. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तिच्यात चुना किंवा शिंपल्यांचा चुरा आहे असे समजून ती बदलावी.

वनस्पती पहिल्याच दिवशी दाटीने लावाव्यात. चार काड्या खोचून भागत नाही. आम्ही मागे व्हॅलिस्नेरियाची लांब, फितीसारखी पाने लावली आणि बाजूंना हायड्रिला. हायड्रिला तुम्ही ओळखता. शाळेच्या प्रयोगात उलट्या नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे मोजतात, तीच. ती आम्हांला ओढ्यात फुकट मिळाली. ओढ्यातून आणलेली वनस्पती नीट धुऊन, पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून, पुन्हा धुऊन मगच लावावी. नाहीतर चतुराची अळी आत येते आणि लहान मासे फस्त करते.

नळाचे पाणी बादल्यांत भरून दिवसभर उघडे ठेवले, म्हणजे त्यातला साधा क्लोरीन उडून जातो. पेटी भरताना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर धार धरावी, माती उसळत नाही. वर एल.ई.डी.चा दिवा, तो दिवसाला आठ तास पुरे. जास्त उजेड दिला की वनस्पतींआधी शेवाळेच माजते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा एक फिल्टर लावला. त्या स्पंजातही कामगारांची वस्ती होते. म्हणून तो नळाखाली न धुता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळावा.

आता गृहिणींच्या ओळखीची एक युक्ती. कोणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू मागून आणावी. दुधाला विरजण लागते तसे हे पाण्याला विरजण. आम्हांला असे विरजण देणारे कोणी नव्हते, म्हणून आम्ही एक दिवसाआड चिमूटभर माशांचे खाणे रिकाम्या पेटीत टाकत होतो. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जंतू वाढतात.

हे पाच आठवडे फार कठीण गेले. घरी येणारा प्रत्येक जण पेटीत वाकून पाही आणि विचारी, "मासे कुठं हायत?" एका बाईंनी तर सौ.ना विचारले, "वैनी, तुमी नुसतं पाणीच पाळलंय व्हय?" सौ. हसल्या, पण मला म्हणाल्या, "खरंच हो, किती दिवस हे असं?" धाकटी मात्र हसली नाही आणि कुरकुरलीही नाही. रोज शाळेतून आली की नवे पान आले का ते पाही. दर रविवारी पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून पाही आणि वहीत लिही. आधी अमोनिया चढला, मग उतरला. मग नायट्राइट चढले, मग तेही उतरले. लागोपाठ दोन रविवार दोन्ही शून्यावर आले, तेव्हा वही घेऊन ती धावत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाबा, आता आणूया?"

आणले ते सोनेरी मासे नव्हेत. सहा झेब्रा मासे आणले. अंगावर निळ्या रेघा असलेला हा बोटाच्या पेराहून थोडा मोठा, काटक मासा आपल्याच देशातला; त्याला हीटर लागत नाही. तो थव्याने राहतो म्हणून सहांपेक्षा कमी आणू नये, आणि उड्या मारतो म्हणून पेटीला झाकण हवे. कोणाला गप्पी आवडतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवतापवाले ते टाक्यांत, हौदांत सोडतात, तेच. पण गप्पीची मादी महिन्या-महिन्याला पिले देते. नवशिक्याने सगळे नर घ्यावेत हे बरे. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून मगच मासे आत सोडावेत.

पुढचे काम सोपे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही, सौ.नी त्यांच्यासाठी सोमवार नेमून दिला आहे. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून ठेवणीतले पाणी घालायचे. काढलेले पाणी तुळशीला घालतो आणि तुळस कधी नव्हे इतकी माजली आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरावी. मासे किंवा वनस्पती वाढल्या, नकोशा झाल्या, तरी त्या नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत. आपण त्याला भूतदया समजतो. पण पंचगंगेवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. ती शोभेची म्हणून देशोदेशी नेली गेली. आपली साधीभोळी हायड्रिला विसाव्या शतकाच्या मध्यावर शोभेच्या पेट्यांसाठी फ्लॉरिडात गेली आणि तिथल्या तळ्यांना डोकेदुखी होऊन बसली. काच चाटणारा तो काळा सकर मासा तर आता गंगेतही सापडतो. आमच्या सर पिराजीराव तलावाच्या नशिबी तसे काही येऊ नये. जास्तीचे मासे दुसऱ्या पेटीवाल्याला द्यावेत; वनस्पती वाळवून कुंडीत घालाव्यात.

परवा वसुबारसेला आण्णांचा नातू आमच्याकडे आला. पेटीला नाक लावून बराच वेळ उभा राहिला. मग धाकटीला म्हणाला, "मला दोन दे की गं. बरणीत ठेवतो."

मी काही बोलणार तोच धाकटी उठली. तिने पेटीतली मूठभर वाळू एका डब्यात घातली, वर पेटीतलेच पाणी ओतले, व्हॅलिस्नेरियाची दोन रोपे दिली आणि जुन्या वहीतले एक कोरे पान फाडून त्याच्या हातात ठेवले.

"आधी हे लाव. बरणीत नाही, पेटीत. रोज काय दिसतं ते यात लिही आणि महिन्यानं मला दाखव. मग मासे."

"महिना?" पोरगे रडकुंडीला आले. "तवर मी काय करू?"

"रोज इकडे ये," धाकटी म्हणाली. "आपण दोघं मिळून बघू."

आता शाळा सुटली की आमच्या खिडकीत कोणी बसत नाही.